पाणी शिरले ते मागच्या बाजूने

घराच्या बाहेरच्या भिंतींवर चार कॅमेरे बसवून घेतले, तेव्हा त्यांच्या खोक्यावर छापलेला ‘आयपी ६७’ हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा पाहून मी निश्चिंत झालो होतो. उन्हापावसाचे काय ते कॅमेराच पाहून घेईल, आपण फक्त चित्र पाहायचे, अशी माझी समजूत होती आणि पहिली दोन वर्षे ती टिकली. तिसऱ्या वर्षी पावसाळा सुरू झाल्यावर फाटकावरच्या कॅमेऱ्याचे चित्र पहाटे धुरकट दिसू लागले. नऊ-दहाच्या सुमारास ते आपोआप निवळे, म्हणून मी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याच महिन्यात रात्रभर पावसाची झड लागली आणि सकाळी मागील दाराचा कॅमेरा पूर्ण बंद पडलेला आढळला. त्या दिवशी हाती घेतलेले काम पुढे वर्षभर टप्प्याटप्प्याने चालले. त्यातला पहिला टप्पा तर मी सरळ चुकीचा केला. बाहेर कॅमेरे असलेल्या कोणालाही उपयोग व्हावा म्हणून तो चुकीचा टप्पाही येथे सविस्तर लिहीत आहे.

बंद पडलेला कॅमेरा मी शिडी लावून उतरवला, तेव्हा त्याच्या अंगावर पाण्याचे ओघळ होते; पण काचेच्या आत एक थेंबही नव्हता. कॅमेरा कोरडा असताना तो बंद का पडावा, हे लगेच कळेना. अशा कॅमेऱ्याच्या मागून वीतभर लांबीची एक शेपटी निघते आणि तिच्या टोकाला नेटवर्क केबल जोडण्याचे सॉकेट असते. ती जोडणी भिंतीला पाडलेल्या भोकाच्या तोंडाशी उघडीच लोंबत होती. केबल ओढून काढली तर सॉकेटमधून चमचाभर पाणी माझ्या मनगटावर आले. आत आठ बारीक सोनेरी तारा असायला हव्या होत्या. त्यांपैकी दोन जागेवर नव्हत्या; तिथे हिरवट पांढरी भुकटी साचली होती आणि टाचणीचे टोक लावताच ती गळून पडली. बाकीच्या तारांवरही हिरवा थर चढू लागला होता.

या कॅमेऱ्यांना वेगळी वीज लागत नाही. चित्र ज्या केबलमधून येते तिच्यातूनच त्यांना साधारण ४८ व्होल्टची एकदिश वीज मिळते. सोय मोठी आहे, पण सॉकेटमध्ये ओल आली की हीच सोय नडते. शेजारशेजारच्या दोन तारांमध्ये पाण्याचा पातळ थर जमला आणि त्यांच्यात सतत विद्युतदाब असला, तर धन बाजूच्या तारेचा धातू विरघळत जातो. नुसत्या पाण्याने ज्याला वर्षे लागली असती, ते विजेच्या साहाय्याने काही आठवड्यांत होते. म्हणजे त्या रात्रीच्या झडीने केवळ शेवट केला. झीज त्याआधीपासून चालू होती.

हे सॉकेट झाकण्यासाठी कॅमेऱ्यासोबत एक छोटे प्लास्टिकचे आवरण मिळते. त्यात आट्यांची टोपी, केबलभोवती आवळली जाणारी रबरी कडी आणि सॉकेटच्या तोंडाशी बसणारी चपटी रबरी चकती असते. ते आवरण आधी केबलमध्ये ओवून मग टोकाला प्लग बसवावा लागतो. तयार प्लग असलेल्या केबलवर बहुधा ते चढत नाही, म्हणून घाईच्या कामात ते बाजूला राहते. माझ्याकडची चारही आवरणे माहितीपत्रकाच्या पाकिटात, न फोडलेल्या पिशवीत सापडली. जोडणी करून गेलेल्यांना मी त्यांबद्दल विचारले नव्हते, कारण अशी वस्तू असते हेच मला ठाऊक नव्हते.

‘आयपी’ या अक्षरांपुढच्या आकड्यांचा अर्थ मी त्यानंतर नीट समजून घेतला. ही पद्धत आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकात दिलेली आहे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीसाठी ६ म्हणजे आत धूळ अजिबात जाणार नाही. पाण्यासाठी ५ आणि ६ या पायऱ्या फवाऱ्याच्या आहेत. सहाव्या पायरीच्या चाचणीत मिनिटाला १०० लिटर पाण्याचा जोरदार झोत सर्व बाजूंनी मारतात. सातवी पायरी बुडवण्याची आहे, एक मीटरपर्यंत खोल पाण्यात अर्धा तास. सात हा आकडा सहापेक्षा मोठा असला, तरी बुडवण्याची चाचणी पार केलेली वस्तू झोताच्या चाचणीतही टिकेलच असे हे मानक धरत नाही. दोन्ही चाचण्या झाल्या असतील तर दोन्ही आकडे छापावे लागतात. वाऱ्यासह आडवा येणारा पाऊस हा बुडण्यापेक्षा झोताच्या जवळचा प्रकार आहे, त्यामुळे भिंतीवरच्या कॅमेऱ्यासाठी ६६ हा आकडा मला आता अधिक महत्त्वाचा वाटतो.

त्याहून महत्त्वाचा तपशील मला त्या सातव्या पायरीच्या चाचणीत सापडला. ज्या पाण्यात वस्तू बुडवायची, त्याचे आणि वस्तूचे तापमान यांत पाच अंशांपेक्षा अधिक फरक नसावा, अशी तिथे अट आहे. चाचणीची अट म्हणून ती योग्यच आहे. पण भिंतीवरचा कॅमेरा दुपारभर उन्हात तापतो आणि त्याच तापलेल्या अंगावर थंडगार सर कोसळते, तेव्हा फरक पाच अंशांचा नसून तीस-चाळीस अंशांचा असतो. हा तपशील मला आधी माहीत असता, तर पुढची चूक टळली असती.

त्या वेळी मात्र मी एकच गोष्ट शिकलो होतो: पाणी फटीतून आत येते. म्हणून प्रत्येक फट बुजवायची असे ठरवले. नवे सॉकेट बसवून घेतले, त्यावर साधी काळी इन्सुलेशन टेप चार पदरी गुंडाळली आणि हाताशी असलेल्या सिलिकॉन सीलंटची नळी घेऊन चारही कॅमेऱ्यांची बैठक, मागचे झाकण, स्क्रूंची तोंडे, भिंगावरच्या पारदर्शक घुमटाची कड, जिथे जिथे सांधा दिसला तिथे तिथे सीलंट भरले. काम स्वच्छ झाले होते आणि मला त्याचे समाधानही वाटले.

तीन आठवड्यांत परिस्थिती आधीपेक्षा बिघडली. फाटकावरच्या कॅमेऱ्याचे धुके आता दहा वाजता जाईना, दुपारपर्यंत राही. घुमटाच्या आतल्या बाजूला बारीक थेंबांची साय दिसू लागली आणि रात्री कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे (अंधारात दिसावे म्हणून डोळ्याला न दिसणारा प्रकाश टाकणारे) लागले की त्या थेंबांवरून प्रकाश उलट फिरून सगळे चित्र दुधाळ होई. टेपचीही दशा वाईट होती. उन्हाने तिचा गोंद पातळ होऊन कडेने ओघळला होता, पदर एकमेकांवरून सरकले होते आणि त्यांच्या वळ्यांत पाणी अडकून राहिले होते. उघडे सॉकेट निदान पावसाच्या दोन सरींमध्ये सुकले तरी असते. टेपने ते कायम ओले ठेवले.

माझ्या थोरल्या बंधूंनी अनेक वर्षे यंत्रांच्या देखभालीचे काम केले आहे. ते घरी आले असता मी त्यांना हे सगळे दाखवले. कॅमेरा हातात घेऊन त्यांनी कड निरखली, सीलंटचा वास घेतला आणि विचारले, “अरे, पाणी आत येऊ नये म्हणून तू इतकं केलंस ते ठीक आहे, पण आत आलेलं पाणी जायचं कुठून, ते सांग.” माझ्याकडे उत्तर नव्हते. मग त्यांनी घुमटाच्या कडेखाली, मी सीलंटने पुरून टाकलेला, वाटाण्याएवढा एक गोल पडदा दाखवला. “हे त्याचं नाक आहे. तू ते दाबून धरलंस.”

तो पडदा अतिशय सूक्ष्म छिद्रांच्या पटलाचा असतो. पाण्याचा थेंब त्यातून जाऊ शकत नाही, पण हवा आणि बाष्प जाऊ शकते. त्याची गरज का असते, हे साध्या हिशेबाने कळते. बंद कवचातली हवा उन्हात ६० अंशांपर्यंत तापली आणि अचानक पावसाने २५ अंशांवर आली, तर तिचा दाब सुमारे एक दशांशाने उतरतो. बाहेरचा दाब तेवढाच राहतो, त्यामुळे कवच बाहेरची हवा आत ओढू लागते. पडदा मोकळा असेल तर ती त्यातून येते. तो बंद असेल तर कवच जिथून मिळेल तिथून ओढते, आणि पाऊस पडत असताना रबरी कडीच्या ज्या बारीक फटीतून ते ओढते तिथे हवा नसून पाणी उभे असते. असे थेंबभर पाणी रोज आत येते आणि बाहेर जाण्याचा मार्ग बंद असल्याने साठत जाते. पहाटेचे धुके याच पाण्याचे. रात्री निरभ्र आकाशाखाली काच आपली उष्णता गमावून आतल्या हवेपेक्षा थंड होते आणि आतल्या बाष्पाचे दव तिच्यावर उतरते.

सीलंटच्या वासाचाही अर्थ त्यांनीच सांगितला. सुकताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून ॲसिटिक आम्ल सुटत असते आणि ते तांब्याला व इतर धातूंना गंजवते. विजेच्या जोडण्यांजवळ वापरायचे तर आम्ल न सोडणारे, ‘न्यूट्रल क्युअर’ असे लिहिलेले सिलिकॉन घ्यावे लागते. मी नव्या सॉकेटच्या भोवतीच आंबट वासाचे सीलंट भरले होते. पुढचे दोन दिवस आम्ही दोघांनी बोथट प्लास्टिकच्या पट्टीने ते सगळे खरवडून काढले.

खरवडताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि तिने या सगळ्या कामाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. केबल भिंतीला धरून ठेवण्यासाठी पांढऱ्या नायलॉनच्या पट्ट्या, म्हणजे केबल टाय, वापरलेल्या होत्या. त्यांतली एक मी कापण्यासाठी चिमटीत धरली, तर ती वाळक्या काडीसारखी मोडली. दुसरी तर बोटांनी दाबताच तुकडे होऊन पडली. छज्ज्याखालच्या सावलीतल्या पट्ट्या मात्र अजून वाकत होत्या. उन्हातल्या अतिनील किरणांनी साध्या नायलॉनच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात. पट्ट्या मोडल्या म्हणून केबल सैल झाली, ती खाली सरकली म्हणून वरून उतरणारे पाणी तिच्या अंगाने थेट सॉकेटपर्यंत पोचू लागले. केबलचे करडे वेष्टनही उन्हाच्या बाजूने खडूसारखे झाले होते आणि वाकवल्यावर त्याला केसासारख्या भेगा दिसत होत्या. ती मुळात घरात वापरायची केबल होती. बैठकीची रबरी कडी ताठ होऊन चपटी राहिली होती. या प्रत्येक ठिकाणी आधी ऊन पोचले होते. पाण्याला वाट उन्हाने करून दिली होती. तोवर मी पावसाचा बंदोबस्त आणि उन्हाचा बंदोबस्त ही दोन वेगळी कामे समजत होतो आणि उन्हाचे काम ‘नंतर केव्हातरी’ म्हणून बाजूला ठेवले होते.

मग सगळे नव्याने केले. बाहेरच्या भागातली केबल बदलून काळ्या पॉलिथिलीन वेष्टनाची घेतली. त्या वेष्टनातला काळा रंग काजळीसारख्या बारीक कार्बनचा असतो आणि तो अतिनील किरण वरच्यावर शोषून खालचे प्लास्टिक वाचवतो. केबल टायही याच कारणासाठी काळ्या आणि बाहेरच्या वापरासाठी बनवलेल्या घेतल्या; जिथे ऊन सर्वाधिक आहे तिथे स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या लावल्या. प्रत्येक कॅमेऱ्यामागे एक जंक्शन बॉक्स बसवला, जेणेकरून शेपटी आणि सॉकेट त्याच्या आत राहील. बॉक्समध्ये केबल खालच्या बाजूने, रबरी ग्लँडमधून, म्हणजे केबलभोवती आवळून भोक बंद करणाऱ्या बुचातून, घेतली. ग्लँडची कडी केबलच्या जाडीशी जुळते की नाही हे पाहणे फार गरजेचे आहे. माझी पहिली ग्लँड शेवटच्या आट्यापर्यंत आवळूनही केबल आत फिरत होती, म्हणून ती बदलावी लागली.

केबल बॉक्सपाशी येण्याआधी तिला खाली झोळ दिला. हे सगळ्यात साधे काम आहे, त्याला काही विकतही आणावे लागत नाही आणि माझ्या मते सगळ्यात अधिक उपयोग त्याचाच होतो. केबलच्या अंगाने उतरणारे पाणी झोळाच्या तळाशी येऊन ठिबकते. पुन्हा वर चढून ग्लँडपर्यंत ते जाऊ शकत नाही. पहिल्याच पावसात मी खाली उभा राहून पाहिले, तेव्हा चारही झोळांच्या टोकांवरून थेंब एका लयीत गळत होते.

सॉकेटच्या आत विद्युतरोधक ग्रीसचा पातळ लेप दिला, सोबत मिळालेले आवरण या वेळी ओवून बसवले आणि त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळली. तिला गोंद नसतो. गुंडाळताना ती ताणून जवळजवळ दुप्पट लांब करावी लागते, मग तिचे पदर एकमेकांत मिसळून अखंड रबराचे नळकांडे होते. सैल गुंडाळली तर ती मुळीच धरत नाही. आणि शेवटी, बंधूंच्या त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून, प्रत्येक बॉक्सच्या तळाला, भिंतीपासून दूरच्या कोपऱ्यात, पाच मिलिमीटरचे एक भोक पाडले आणि मुंग्या शिरू नयेत म्हणून आतून बारीक जाळी लावली. सीलंट फक्त बॉक्सच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना भिंतीशी दिले. खालची कड मुद्दाम मोकळी ठेवली. सुरक्षित करण्याच्या कामात भोक पाडताना हात अडखळतो हे खरे, पण ते भोक नसते तर बॉक्स म्हणजे भिंतीवर टांगलेली पाण्याची डबी झाली असती.

फाटकावरचा घुमटाकार कॅमेरा आतून सुकवणे वेगळे काम होते. त्याचा घुमट काढून तो वातानुकूलित खोलीत रात्रभर उघडा ठेवला, कारण वातानुकूलन यंत्र हवेतले बाष्प काढून घेते आणि तिथली हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी असते. सकाळी त्याच खोलीत, आत सिलिका जेलची नवी पुडी ठेवून घुमट बंद केला. पावसाळी हवेत अंगणात बसून तो बंद केला असता, तर मी बाष्पच आत कोंडले असते. जेलचे दाणे कोरडे असताना नारिंगी आणि ओल शोषल्यावर हिरवे होणारे घेतले, म्हणजे पुढच्या वेळी उघडल्यावर रंगावरून अवस्था कळेल. घुमटाच्या आत भिंग आणि अवरक्त दिवे यांच्यामध्ये फोमची एक कडी असते. ती घुमटाला आतून नीट टेकली पाहिजे, नाहीतर दिव्यांचा प्रकाश आतल्या आत भिंगात शिरतो. माझी कडी एका बाजूला दबली होती. ती सरळ केल्यावर रात्रीच्या चित्रातला जुना धूसरपणाही गेला. तो मी इतके दिवस धुळीच्या खात्यावर टाकत होतो.

आता पश्चिमेच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याविषयी, कारण माझा सर्वाधिक वेळ त्यानेच घेतला. हा कॅमेरा पावसात कधीच बिघडला नाही. उन्हाळ्यात मात्र दुपारी चारच्या पुढे त्याच्या चित्रात वाळूसारखे कण दिसत आणि काही दिवस तो पाच-साडेपाचला बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होई. चित्रातले कण आणि उष्णता यांचा थेट संबंध आहे. प्रकाश नसतानाही संवेदकात, म्हणजे भिंगामागच्या चित्र टिपणाऱ्या चिपमध्ये, थोडा प्रवाह वाहत असतो आणि तापमान साधारण सहा ते आठ अंशांनी वाढले की तो दुप्पट होतो. पण कण ही लहान तक्रार आहे. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या छोट्या भागाचे, आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मे होते, असा विद्युतयंत्रांच्या कामातला जुना आडाखा आहे, आणि हा परिणाम चित्रात दिसत नाही. एक दिवस कॅमेरा सुरू होत नाही, एवढेच कळते. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ६० अंशांपर्यंत चालेल असे लिहिले होते. तो आकडा भोवतालच्या हवेचा असतो, उन्हात तापलेल्या कवचाचा नव्हे. बिनस्पर्श तापमापकाने मी कवचाचा वरचा भाग मोजला, तेव्हा हवा ३९ अंश असताना गडद राखाडी कवच ६७ अंशांवर होते.

कवचाला पांढरा रंग द्यावा असे प्रथम वाटले. तो विचार सोडला, कारण रंगाने श्वासाचा पडदा आणि सांधे बुजण्याची भीती होती आणि ती चूक मी एकदा केली होती. त्याऐवजी वेगळे छप्पर केले. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा वाकवून त्याला वरून पांढरा रंग दिला आणि तो कॅमेऱ्यापासून दोन बोटे अंतर राखून, भिंतीत स्वतंत्र बसवलेल्या पट्टीवर टांगला. अंतर महत्त्वाचे आहे. पत्रा कवचाला टेकला असता तर तापलेल्या पत्र्याने कवचच तापवले असते; मध्ये हवा खेळती राहिली, तर ती उष्णता वाहून नेते. पश्चिमेच्या बाजूला पत्रा कवचाच्या तळापर्यंत खाली उतरवला, कारण मावळतीचे ऊन वरून न येता आडवे येते आणि नुसत्या वरच्या छपराचा तिथे काही उपयोग होत नाही. दुसऱ्या आठवड्यात तितक्याच तापलेल्या दुपारी मोजले, तर कवच ४६ अंशांवर होते. त्यानंतर तो कॅमेरा दुपारी बंद पडलेला नाही.

छपराने एक नवी अडचण मात्र उभी केली. ऊन अधिक अडावे म्हणून मी पत्रा भिंगाच्या चार बोटे पुढे काढला होता. दिवसा चित्र उत्तम येई, रात्री वरचा तृतीयांश भाग पांढुरका दिसे. अवरक्त दिव्यांचा प्रकाश पत्र्याच्या पोटावर आदळून भिंगात परतत होता. पत्र्याला आतून काळा रंग दिला, तरी फरक पडेना. डोळ्याला काळा दिसणारा रंग अवरक्त प्रकाशालाही काळाच असतो असे नाही. ८५० नॅनोमीटरच्या प्रकाशात कित्येक काळे रंग आणि कापडे चक्क उजळ दिसतात. शेवटी पत्रा पुढून कापला. एका वेळी एक बोटभर कापायचा आणि रात्री चित्र पाहायचे, असे तीन रात्री केले. भिंगाच्या बोटभर पुढे पत्रा थांबला, तेव्हा पांढुरकेपणा गेला. कॅमेऱ्यासोबत आलेली सरकती टोपी ज्यांच्याकडे आहे, त्यांनीही ती पूर्ण पुढे ओढण्याआधी रात्रीचे चित्र एकदा पाहावे.

भिंगात थेट सूर्य येणे हा प्रश्न छपराने सुटत नाही. फाटकावरच्या कॅमेऱ्याची दिशा ठरवताना मी एका सकाळी पाहून ‘सूर्य चित्राबाहेर आहे’ असे म्हटले होते; चार महिन्यांनी तो चित्राच्या मधोमध उगवू लागला. उगवतीची जागा २१ जून ते २२ डिसेंबर या काळात क्षितिजावर उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत जाते. विषुववृत्तावर हे सरकणे सुमारे ४७ अंशांचे असते आणि तिथून जितके दूर जावे तितके ते वाढते. म्हणून पूर्व किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्याची दिशा एका दिवसाच्या पाहणीवरून ठरवणे चुकीचे आहे. रोज अर्धा-पाऊण तास सूर्य संवेदकावर केंद्रित होत राहिला, तर त्या वेळेचे चित्र निकामी होतेच, शिवाय संवेदकावरच्या रंगीत गाळण्याही काळाच्या ओघात फिकट पडू शकतात. मी कॅमेरा फाटकाच्या दुसऱ्या खांबावर नेला आणि त्याचे तोंड इतके खाली केले की चित्रात क्षितिज येऊच नये. आकाशाचा भाग गेला, पण मला आकाश पाहायचे नव्हते. येणाऱ्याचा चेहरा आता सकाळीही दिसतो, कारण मागचा उजेड नसल्याने तो काळा पडत नाही.

घुमटाचे प्लास्टिक हा वेगळाच विषय आहे. ते बहुधा पॉलिकार्बोनेटचे असते, कारण ते आघात सोसते. ‘आयके १०’ हा शिक्का असलेली वस्तू २० ज्यूल ऊर्जेचा, म्हणजे पाच किलोचे वजन ४० सेंटीमीटरवरून पडल्याइतका आघात सहन करते. पण हेच प्लास्टिक अतिनील किरणांनी हळूहळू पिवळे पडते. ते टाळण्यासाठी त्यावर संरक्षक लेप दिलेला असतो आणि तो आपण पुसण्याच्या चुकीच्या पद्धतीने घालवतो. माझ्या घुमटावर वर्तुळाकार बारीक ओरखडे होते, कारण तो मी सुक्या फडक्याने, धुळीसकट घासत असे. एकदोनदा काच पुसण्याचे द्रावणही वापरले होते. त्यात अमोनिया असेल तर पॉलिकार्बोनेटला सूक्ष्म तडे जातात, म्हणून ते आणि ॲसिटोन दोन्ही वर्ज्य समजावे. आता आधी हवेच्या रबरी फुग्याने धूळ उडवतो, मग स्वच्छ पाणी ओतून उरलेली वाहू देतो आणि शेवटी ओल्या मऊ मायक्रोफायबर कापडाने, न दाबता, एका दिशेने पुसतो. पिवळा पडलेला घुमट मात्र पुसून सुधारत नाही. मी तो नवा बसवला.

वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि पाऊस संपल्यावर, मी शिडी लावतो. कोळिष्टके काढतो, कारण रात्री एक धागाही अवरक्त प्रकाशात दोरखंडासारखा चमकतो आणि वाऱ्याने हलला की हालचालीचा खोटा इशारा येतो. बैठकीचे स्क्रू तपासतो; जुने गंजल्यावर स्टेनलेस स्टीलचे घातले आहेत. श्वासाच्या पडद्यावर धूळ बसली असेल तर मऊ कुंचल्याने झटकतो, त्याला पाणी किंवा बोट लावत नाही.

नव्या जोडणीनंतरचा पहिला पावसाळा संपल्यावर मी मागील दाराचा बॉक्स उघडला. तळाशी, त्या पाच मिलिमीटरच्या भोकाभोवती, सुकलेल्या पाण्याची तांबूस कडी होती. म्हणजे इतके सगळे करूनही पाणी आत आले होते आणि भोकातून निघून गेले होते. रबरी टेप उभी चिरून सॉकेट उघडले, तेव्हा आठही तारा सोनेरी होत्या आणि त्यांच्यावर ग्रीसचा लेप तसाच होता. फाटकावरच्या घुमटातले दाणे मात्र अर्धे हिरवे झाले होते, म्हणून ते काढून नवी पुडी घातली. गच्चीवरच्या जिन्यापाशी जुन्या करड्या केबलचा सुमारे सहा मीटरचा तुकडा अजून आहे. तो सावलीत असला तरी पुढच्या उन्हाळ्याआधी मी तो बदलणार आहे.